चुलीच्या लाकडाला मिळालेली बढती

विज्ञान शिकवत होते असं कळलं की आमच्या कॉलनीतल्या बायका मला मिक्सर आणून दाखवतात. "काकू, तुम्ही सायन्सवाल्या ना, हा नुसता घुर्र करतो अन् बंद पडतो." मीही चष्मा नाकावर ओढते, मिक्सर उलटा करते आणि बुडावर दोन चापट्या देते. कधीकधी तो सुरू होतो. मग त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ना, त्याच नजरेनं लोक गावच्या पुजाऱ्याकडे बघताना मी नोकरीच्या सुरुवातीला पाहिलं होतं आणि रागानं लाल झाले होते. अंधश्रद्धा! अज्ञान! आता ती नजर माझ्या वाट्याला येते तेव्हा मी गुपचूप चहासुद्धा पिऊन घेते.

'तुमच्या नोकरीबद्दल लिहा,' असा दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला. नोकरीबद्दल काय लिहायचं? रुजू झाले, बदल्या झाल्या, निवृत्त झाले, शाल-नारळ मिळाला, नारळ खवट निघाला. त्यापेक्षा एका लाकडाची गोष्ट सांगते. पण आधी तेव्हाची मी कोण होते ते सांगायला हवं, कारण ते ध्यान पाहण्यासारखं होतं.

मी चिमूरकडची. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते, त्यामुळे मी बिनदेवाच्या घरात वाढले. 'विचारल्याबिगर मानू नको' हे आम्ही पाळण्यात ऐकलं. अशी मी बी.एस्सी., बी.एड. होऊन गडचिरोलीच्या पार आत, नदीपलीकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला निघाले. अंगावर नायलॉनची साडी, पायात उंच टाचेची चप्पल, ट्रंकेत लिटमस कागदाच्या डब्या. तोंडावर असा भाव, की जंगल इतकी वर्षं माझीच वाट बघत अंधारात बसलंय आणि आता मी बटण दाबणार. डोंग्यातून उतरताना एक टाच चिखलात रुतली ती तिथंच राहिली. दुसऱ्या टाचेवर लंगडत लंगडत विज्ञानानं शाळेत प्रवेश केला.

आश्रमशाळा म्हणजे आदिवासी मुलांची सरकारी निवासी शाळा. मुलं तिथंच शिकतात, जेवतात, झोपतात. आमची बहुतेक मुलं माडिया. घरची बोली वेगळी, मराठी त्यांनी शाळेत उचललेली, आणि वर पुस्तकातलं विज्ञान म्हणजे तिसरीच भाषा. बाहेरच्यांना वाटतं, शिकवणं म्हणजे रिकाम्या डोक्यात माहिती ओतणं. मलाही तसंच वाटत होतं. पण डोकी रिकामी नसतात हो. तिथं आधीच एक बिऱ्हाड नांदत असतं: आजी-आजोबा, नदी, डोंगर, कोंबड्या, मेलेले पूर्वज, सगळे गुण्यागोविंदानं. तुम्ही प्रकाशसंश्लेषणाला बखोटीला धरून दारात उभे राहता, आणि आतून आवाज येतो, "या, बसा. पण चुलीकडं जाऊ नका."

पहिला दणका मिळाला तो सजीव-निर्जीवच्या धड्यात. मी फळ्यावर सजीवांची लक्षणं लिहिली. हालचाल, वाढ, श्वसन, अन्न, उत्सर्जन, प्रतिसाद, पुनरुत्पादन. "आता सांगा, नदी सजीव की निर्जीव?"

"सजीव!" अख्खा वर्ग.

"चूक. वाढ होते का तिची?"

मागून एक बारीक, काळीभोर, मोठ्या डोळ्यांची मुलगी उठली. जैनी. "होते ना बाई. पावसात पाहा."

"बरं, खाते का?"

"गेल्या साली आमचा बैल खाल्ला."

"उत्सर्जन?" इथं अडकेल असं मला वाटलं.

"पूर गेल्यावर काठावर काय काय टाकून जाते, पाहा ना जाऊन."

वर्ग फिदीफिदी. मी हुकमाचा एक्का काढला. "पुनरुत्पादन! पिल्लं होतात का नदीला?"

"नाले हायेत ना तिचे पोरं."

"अगं, नाले नदीतून निघत नाहीत! ते नदीला येऊन मिळतात!"

"पोरं बी सांजच्याले मायकडंच येतात, बाई."

तेवढ्यात कोणीतरी हेडमास्तरांची, म्हणजे आमच्या हेडसरांची फटफटी सजीव असल्याचं मांडलं. पेट्रोल खाते, धूर सोडते, लाथ मारली की ओरडते. पिल्लं काऊन नाई, तर "हेडसर म्हनतात अजून नवीच हाय." मी डस्टर आपटलं, 'नदी निर्जीव' असं सगळ्यांकडून वदवून घेतलं आणि चाचणीत जैनीचे गुण कापले. आज ती उत्तरपत्रिका कुठं सापडली तर दोन गुण वाढवून फ्रेम करून लावीन. पण आज म्हणून काय उपयोग?

त्यानंतर कैरीचं प्रकरण झालं. तिकडे पंडुम म्हणून सण असतो, नव्या फळाचा, नव्या पिकाचा. गायता, म्हणजे गावचा पुजारी, आधी देवाला आणि पूर्वजांना नवा आंबा देतो, मग गाव खातं. त्याआधी कैरीला कोणी तोंड लावत नाही. मला मात्र नेमकं तेव्हाच आम्लाचं प्रात्यक्षिक सुचलं. कैरी चिरली, लिटमस लावला, कागद लालेलाल. "घ्या, तुम्हीही करा." एक हात पुढं येईना. सगळ्यांचे हात पाठीमागं.

"काही होत नाही! हे बघा, मी खाते." आणि खाल्ली. तिखट-मीठ लावून खाल्ली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या भरात मी एका कैरीवर थांबले नाही.

दुपारपर्यंत पोटात पानिपत. संडास मैदानाच्या पलीकडं, आणि वाट सगळ्या वर्गांच्या खिडक्यांसमोरून. मी निघाले की एकेक वर्ग उठून उभा राही, पाहुणे आल्यावर राहतो तसा. संध्याकाळी गायत्याचा निरोप आला: "बाईले सांगा, घाबरू नका, कोंबडी देल्ली की होते बरं."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळं समजावलं. रिकामं पोट, आम्ल, वर तिखट. जैनीनं शांतपणे ऐकलं. "हो बाई. पन दुसऱ्या कोनाले काऊन नाई झालं?"

"दुसऱ्या कोणी खाल्ली नाही म्हणून!"

"थेच तं म्हनते मी."

आता सांगा, काय उत्तर द्याल? निरीक्षण बरोबर, तुलना बरोबर, आणि पुरावा मी स्वतः मैदान ओलांडून ओलांडून पुरवलेला.

ही जैनी पुढं दहावीच्या वर्गात आली. तिला सिस्टर व्हायचं होतं. उपकेंद्रातली सिस्टर तिच्या गावात येई. पांढरी साडी, खांद्याला पेटी, आणि जिला अख्खं गाव घाबरतं अशी सुई. जैनीला तो रुबाब भलताच आवडला होता. तिच्या वयाच्या गावातल्या मुली केव्हाच घरी बसल्या होत्या, काहींची लग्नं झाली होती. तिचा बाप वंजा यानं तिला दहावीपर्यंत शिकवायचं कबूल केलं होतं, पण मला समोर बसवून एक अट घातली होती. "बाई, पुस्तक शिकवा. देवाच्या कामात शाळेनं हात घालाचा नाई. घातला, का पोरगी घरी." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तेव्हाही पटाईत होते.

आणि मग आला बलाचा धडा.

"बल लावल्याशिवाय स्थिर वस्तू हलत नाही," मी म्हटलं. टेबल ढकलून दाखवलं. जैनी उठली.

"बाई, मग आंगा कसा चालते?"

आंगा हा तिथला मोठा देव. दोन लांब लाकडं, मधे तिसरं, त्याला मोरपिसं, चांदीचे पत्रे. चौघं जण खांद्यावर घेतात आणि मग देव त्यांना नेईल तिकडं जातात. झुकतो, वळतो, धावतो. हरवलेला बैल शोधतो, भांडणाचा निवाडा करतो. त्याची जत्रा भरते तेव्हा गावोगावचे देव एकमेकांना पाहुणे म्हणून येतात. बायका-मुलींनी त्याला खांदा द्यायचा नसतो.

"चार जण असतात ना खाली," मी म्हटलं. "कोणीतरी ढकलत असणार."

"एक टोक माझ्या बाच्या खांद्यावर असते," जैनी म्हणाली. "थो म्हनते, मी ढकलत नाई. मग माझा बा खोटा बोलते का?"

ढकलत असेल तर बाप खोटारडा. नसेल तर पुस्तक खोटं, आणि पुस्तक खोटं तर दहावी कशाची नि सिस्टर कशाची? ती डोळे न हलवता माझ्याकडे बघत होती.

शहाणी बाई असती तर 'उद्या सांगते' म्हणून घंटेची वाट बघत बसली असती. मी म्हटलं, "चला, बघू या!"

आंग्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. तेवढी अक्कल मला कैरीनं दिली होती. मी स्वयंपाकखोलीमागच्या जळणाच्या ढिगातून एक लांबलचक ओंडका काढवला. स्वयंपाकीणबाई भिवराबाई चुलीपुढून ओरडल्या, "काऊन वो बाई, माह्या चुलीचं लाकूड कुठी नेऊन राह्यले? तसंच वलं हाय थे, जळता जळत नाई!"

"विज्ञानाला पाहिजे, भिवराबाई."

"विज्ञानाले भात शिजवाचा हाय का?"

मुलं मागं सरली. खांदा द्यायला एकही मुलगा तयार नाही. आणि मुली? ज्यांना जन्मात कधी आंग्याखाली उभं राहायला मिळालं नव्हतं त्या मुलींनी ओढण्या कमरेला खोचल्या सुद्धा. पुढं जैनी आणि सोमरी, मागं दोघी. ओंडका खांद्यावर. "कोणीही ढकलायचं नाही," मी बजावलं. "नुसतं धरायचं."

थोडा वेळ काही नाही. मग ओंडका जरासा डुलला. मग झुकला. आणि मग, काय सांगू, चालायला लागला! चौघी किंचाळल्या. तो विहिरीकडं निघाला, तिथून गर्रकन वळला, झेंड्याच्या खांबाला वळसा घालून हेडसरांच्या खोलीकडं सुटला. दोरीवर वाळत घातलेला हेडसरांचा पायजमा ओंडक्याच्या टोकावर चढला आणि निशाणासारखा फडकू लागला. गलका ऐकून हेडसर बनियनवर बाहेर आले. समोरून चार मुली, वर लाकूड, पुढं स्वतःचाच पायजमा चाल करून येतोय! ते आत गेले आणि कडी लावल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मी हसून हसून विहिरीच्या कठड्यावर बसले. मुली दारावर आदळून खाली पडल्या, एकमेकींवर, आणि हसू आवरेना कोणाला.

जैनी मात्र उठली ती गंभीर. "बाई, मी ढकललं नाई. सोमरी, तू?" "नाई वो." "तुम्ही दोघी?" "आईच्यान नाई!"

मी विजयी मुद्रेनं सांगायला लागले, की प्रत्येकाच्या स्नायूंचं थोडं थोडं बल लागतं, आपल्यालाही कळत नाही, ते सगळं मिळून... जैनीनं मला हात करून थांबवलं. मला, शिक्षिकेला! "थांबा ना बाई. पाहू द्या."

तिनं आपली जागा एका मैत्रिणीला दिली आणि तपासणी मांडली. आधी खांदेकरी मुलींना एकेक करून बाजूला नेलं आणि प्रत्येकीच्या कानात सांगितलं की पेरू कुठं लपवलाय. जिला तिला वेगळी जागा. ओंडका उचलला. तो जागच्या जागी डुलला, इकडं झुकला, तिकडं झुकला आणि गोंधळलेल्या म्हशीसारखा उभा राहिला. मग तिनं चौघींच्या कानात एकच जागा सांगितली. ओंडका सरळ जांभळीखाली. तिथं पेरू नव्हताच. आठवडाभर शाळेत कोणी पेरू पाहिला नव्हता.

हे मी शिकवलं नव्हतं. देवाशप्पथ... म्हणजे, पुस्तकाशप्पथ. मी मैदानात अक्षरशः नाचले. वाटलं, झालं, बटण दाबलं गेलं, जंगलात लख्ख उजेड! आता जैनी म्हणणार, 'बाई, देव नाही.'

जैनीचा चेहरा खुलला होता खरा. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, म्हंजे माझा बा खोटा बोलत नाई. थो ढकलते, पन त्याले मालूमच नाई." आणि उड्या मारत भात खायला गेली.

देवाचा विषयच नव्हता हो. तिला आपला बाप सोडवायचा होता. मी एकटीच तिकडं देवाशी कुस्ती खेळत होते, आखाड्यात समोर कोणी नसताना.

बातमी गावात पोचायला पाय लागत नाहीत. पोरींनी आंगा खांद्यावर घेतला, एवढंच पोचलं. इकडं भिवराबाईंनी ओंडका चुलीत घालायला साफ नकार दिला. "चाललेलं लाकूड मी नाई जाळत बाप्पा. तुमचं विज्ञान तुमीच जाळा." ओंडका ओसरीवर ठेवला. सकाळी बघते तर त्यावर मोहाची फुलं. प्रार्थनेनंतर हळदीचं बोट. मधल्या सुट्टीत एक मोरपीस. मला बढती मिळायला पुढं बारा वर्षं लागली. त्या लाकडाला दुपारच्या जेवणापर्यंत सुद्धा थांबावं लागलं नाही.

त्याच दिवशी वंजा सायकल घेऊन आला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मुलींच्या खोलीतून जैनीची पत्र्याची पेटी आणली आणि कॅरिअरला दोरीनं आवळायला लागला. जैनी खांबाला टेकून उभी. रडत नव्हती. दोरीच्या प्रत्येक गाठीकडं बघत होती.

तेवढ्यात गायता आणि गावची चार म्हातारी माणसं आली. मोहाच्या झाडाखाली बैठक बसली, मधोमध ओंडका, मोरपिसासकट. हेडसरांना तालुक्याला तातडीचं काम निघालं, तेही कडी लावून खोलीत बसून करण्यासारखं.

प्रश्न सरळ होता आणि दोन्हीकडून फास होता. हा देव असेल, तर पोरींनी त्याला शिवून मोठा अपराध केला. नुसतं लाकूड असेल, तर लाकूड चालतं हे शाळेनं दाखवलं, म्हणजे गावाचा आंगाही तसाच, असं शाळेला म्हणायचं आहे. कसंही झालं तरी वंजाची दोरी आवळलेलीच.

मी उभी राहिले आणि बल, दिशा, परिणामी बल असं सुरू केलं. गायत्यानं थोडा वेळ ऐकून घेतलं. म्हातारा मिस्कील होता. "बाई, तुमी बसा. तुमी तं पंडुमच्या आधी आंबा खाल्ला होता."

मागच्या माणसांनी मैदानापलीकडच्या संडासाकडं बघितलं आणि सगळे हसले. मी बसले. माझी तज्ज्ञ साक्ष तिथंच संपली.

"पोरी, तू सांग," गायता जैनीला म्हणाला. "हे चाललं का?"

"चाललं."

"मंग देव नाई का?"

"बैलबंडी बी चालते आजा. तिले आपन जोहार करत नाई."

"आंगा आनी हे, फरक काय मंग?"

मला वाटलं आता ती गडबडणार. पण ती फळ्यासमोर उभी राहावी तशी उभी राहिली आणि बोटं मोजायला लागली. सजीवांची लक्षणं मोजायची तशीच! "आंग्याचं लाकूड आधी सपनात येते, मंगच तोडतात. हे कोनाच्या सपनात आलं?"

भिवराबाई मागून म्हणाल्या, "माह्या सपनात तं रोजच येते, वलं लाकूड!"

"आंग्याले घरवाली हाय. दुसऱ्या गावचे देव त्याचे सगेसोयरे, जत्रेत भेटाले येतात. याचा सगा कोन?"

एका लाकडाची सोयरीक तोडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"याले जेवू कोनं घातलं? कोंबडी कोनं देल्ली?"

पाचवीतली एक चिमुरडी घाबरत म्हणाली, "मी फुलं ठेवली."

"काऊन ठेवली?"

"सगळे ठेवून राह्यले होते म्हनून."

गायता इतका हसला की त्याला ठसका लागला. वंजा मात्र हसला नाही. तो उठून जैनीसमोर आला.

"बाई म्हनते आमी ढकलतो. तुह्या बी खांद्यावर होतं ना? तू ढकललं का?"

तिला खरं उत्तर माहीत होतं. तिनंच शोधलं होतं. आता ती सगळ्यांसमोर बापाला काय सांगणार?

"मले तं नाई वाटलं, बा, मी ढकलून राह्यली म्हनून. चौघींले बी नाई वाटलं. कोनी ओढून राह्यलं असं वाटे. मंग पाहून पाहून समजलं, चौघींच्या मनात एकच जागा असली तवाच थे चालते. मनं चार जागी गेली का थांबते."

वंजानं हळूच विचारलं, "कोनत्या खांद्याले वाटलं?"

"डाव्या."

"हं." त्यानं स्वतःच्या डाव्या खांद्यावरून हात फिरवला. "पहिल्यांदा डाव्यालेच वाटते."

त्या गावात कुठला बाप कुठल्या लेकीशी हे बोलला नसेल. बोलायला ती कधी त्या लाकडाखाली उभीच नव्हती. मी आणखी एक मुद्दा मांडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माझ्या नोकरीतलं ते सर्वोत्तम अध्यापन असावं.

गायत्यानं निवाडा दिला. "लाकूड हाय म्हनते ना पोरगी? मंग लावू दे तिले चुलीले. त्याच्यावर शिजलेलं सगळे खाऊ."

"मी खाईन का नाई थे मंग पाहू," वंजा म्हणाला आणि सायकलीजवळ जाऊन उभा राहिला. तिकडं ज्या घरात खोट वाटते त्या घरचं अन्न माणूस खात नाही. म्हणजे वंजा जेवला तर जैनी शाळेत, नाही जेवला तर पेटीमागून घरी. हे कोणी बोललं नाही, पण भिवराबाईंनी डाळीत हात जरा सैल सोडला.

जैनीनं ओंडक्यावरचं मोरपीस काढून त्या चिमुरडीच्या हातात दिलं, हळद पुसली, आणि सोमरीनं एक टोक धरलं. चुलीच्या तोंडाशी आल्यावर जैनी थांबली. दगडासारखी. भरसभेत कारणं मोजणं वेगळं आणि काल जे खांद्यावर जिवंत झालं होतं ते आगीत घालणं वेगळं. ती वाकली आणि लाकडाला काहीतरी पुटपुटली. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. कारण नेमक्या त्याच वेळी मी, बी.एस्सी., बी.एड., बिनदेवाच्या घरातली नात, मनातल्या मनात 'माफ कर रे बाबा' म्हणून मोकळी झाले होते. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता वय झालं, छापा.

ओलं लाकूड ते! पेटेना, नुसता धूर. सगळे खोकत बाहेर. भिवराबाई फुंकणी घेऊन लाकडाच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. गायता डोळे पुसतोय, मी डोळे पुसतेय, जैनीही पुसतेय, आणि धुराच्या नावावर ज्याला जेवढं रडायचं तेवढं रडून घेता आलं. अखेर भात झाला, वरण झालं. पळसाच्या पानांवर पंगत बसली. पहिला घास गायत्यानं घेतला, मग म्हाताऱ्यांनी, मग पोरांनी. वंजा उभाच.

जैनीनं पान वाढलं, त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि मागं सरली. पंगतीतले हात हळूहळू थांबले. भात खाणारं माणूस किती आवाज करतं हे सगळे एकदम थांबल्यावरच कळतं.

वंजा बसला. वरण-भात कालवला. कालवतच राहिला. मग घास घेतला, चावला, आणि भिवराबाईंकडं बघून म्हणाला, "मीठ कमी हाय."

"मीठ कमी?" भिवराबाई पदर खोचून उठल्या. "एवढा धूर खाल्ला मी, तरी म्हनते मीठ कमी! हे घ्या, सारंच घ्या!" आणि मिठाचा वाडगा त्याच्या पानाशी आणून आदळला. पंगत फुटली. पोरं ओरडायला लागली, जैनी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती आणि ते हसू बोटांतून सांडत होतं.

ती दहावी पास झाली, नर्सिंगला गेली, सिस्टर झाली. आज तिच्या पेटीतल्या सुईला माझ्या माहितीतली कितीतरी गावं घाबरतात. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी वंजानं दुसऱ्यांदा भात मागून घेतला, हात धुतले, सायकलीवरची पेटी सोडली, ओसरीवर नेऊन ठेवली. दोरीची गुंडाळी करून खांद्यावर टाकली. निघताना माझ्यापाशी थांबला. मला वाटलं आता अट मोडल्याबद्दल ऐकवणार. मी मान डोलवायच्या तयारीत.

"बाई," तो म्हणाला, "पुढच्या वक्ताले वाळलेलं लाकूड घ्या. वलं खांद्याले लई लागते."